तुरीच्या कोठीतली बाटली

बाबांच्या छातीत दोन स्प्रिंगा बसवून आम्ही नागपूरहून गावी आलो त्याला ह्या उन्हाळ्यात दोन वर्षं होतील. आमच्याकडे पेशंट घरी आला की भेटायला येणाऱ्यांची रांग लागते आणि प्रत्येक जण बिस्किटाच्या पुड्याबरोबर एकेक औषध पण आणतो, म्हणजे तोंडी. कोणी म्हणे अर्जुनाची साल उकळून द्या, कोणी लसणाच्या दोन पाकळ्या उपाशीपोटी, कोणी दुधीचा रस, आणि एक काका तर म्हणे तिकडं धापेवाड्याजवळ एक जण आहे तो नुसता हात लावते आन ब्लॉकेज खुलते. बाबा सगळ्यांना हो हो म्हणत बिस्किटं खात होते जी त्यांना बंद होती.

आणि मग पुण्याहून जवाई आले. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, आयटीत आहे, माणूस लाखात एक, सासऱ्यावर खरंच जीव आहे त्याचा. चहा झाला, रिपोर्ट पाहून झाले, आणि त्यांनी बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली काढली. रेड वाईन. नाशिकची. "रोज रात्री जेवताना अर्धा ग्लास घ्या बाबा, थोडीच, हार्टला एकदम चांगली, फॉरेनला डॉक्टरच सांगतात."

घरात एकदम शांत झालं. आता हे समजायला आमचं गाव कुठं आहे ते सांगायला पाहिजे. आम्ही वर्धा जिल्ह्यातले, आष्टी-कारंजाच्या बाजूचे, संत्रापट्टा. जिल्हा गांधीबाबाचा, सेवाग्रामचा, त्यामुळं आमच्याकडे दारूबंदी. आणि वर्धा नदी ओलांडली की पलीकडे अमरावती जिल्हा, तिथं दारू सुरू. म्हणजे पिणाऱ्याला फक्त एक पूल पार करायचा असतो, आणि ज्याला तेवढाही कंटाळा त्याच्यासाठी गावातच मोहाची निघते. ते सगळ्यांना माहीत आहे, पण एका माळकरी माणसाच्या घरात, देवघराच्या समोर, जवाईबापूंनी बाटली काढली हे वेगळं. आई काही बोलली नाही. जवाईबापूला बोलता येत नाही. तिनं बाटली उचलली, पदराखाली घेतली आणि आतल्या खोलीत तुरीच्या कोठीत खुपसून आली, आणि वरून तुरी सारख्या करून टाकल्या.

रात्री मला म्हणाली, "बाबू, तू शिकला हाय ना, पाय बरं त्या मोबाईलवर खरंच अशी चांगली असते का ते." तिच्या आवाजात चिडका सूर नव्हता. नवऱ्याला बरं वाटणार असेल तर ती कोठी उघडायला तयार होती, एवढंच मला त्या रात्री कळलं आणि म्हणून मी ते वाचायला घेतलं, नाहीतर आपल्याला काय करायचं होतं वाईनशी.

माझं कृषी केंद्र आहे. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसते, तेवढ्या वेळात महिनाभर हेच वाचलं.

गोष्ट सुरू होते फ्रान्समधून. तिथले लोक लोणी खातात, चीज खातात, मटण खातात, आणि तरी हार्ट अटॅकनं मरायचं प्रमाण इंग्लंड-अमेरिकेपेक्षा कमी. हे कोडं होतं. १९९१ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या टीव्ही कार्यक्रमात सर्ज रेनो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सांगितलं की ह्यात रेड वाईनचा हात असू शकतो, आणि त्यानंतर अमेरिकेत रेड वाईनचा खप असा काही वाढला की विचारू नका. पुढच्या वर्षी लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी नियतकालिकात त्यांचा पेपर आला, दिवसाला २० ते ३० ग्रॅम अल्कोहोल घेतलं तर हृदयविकाराचा धोका निदान ४० टक्के कमी होऊ शकतो असं. आता १२ टक्क्यांच्या वाईनचा १५० मिलीचा ग्लास म्हणजे साधारण १४ ग्रॅम अल्कोहोल. म्हणजे दीड-दोन ग्लास. जवाईबापूंचा अर्धा ग्लास तिथूनच निघालेला, तीस वर्षं फिरत फिरत, पुणेमार्गे.

ह्या वाईनची जी मुख्य पेठ, तिचं नाव बोर्डो. वाचलं आणि मी दुकानात बसल्या बसल्या हसलो. संत्रेवाल्याला बोर्डो सांगायची गरज नाही. आमच्याकडे लहान पोट्ट्यालाही बोर्डो माहीत असते. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर झाडाच्या बुंध्याला कुंच्यानं लावायची ती निळी पेस्ट. डिंक्या रोगासाठी. आमच्या बागांमधली सगळी झाडं निळे मोजे घातल्यासारखी उभी असतात ती त्या बोर्डोमुळं. आणि तिची गोष्ट तर अजून भारी आहे. फ्रान्सच्या त्या भागात रस्त्याच्या कडेच्या वेलींचे अंगूर येणारे-जाणारे तोडून खायचे, म्हणून शेतकरी त्यांच्यावर मोरचूद-चुन्याचं निळं पाणी मारून ठेवायचे, दिसायला विषारी दिसावं म्हणून. १८८२ मध्ये मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की आतल्या वेली डाऊनी नावाच्या बुरशीच्या रोगानं झडल्या पण रस्त्याकडच्या हिरव्यागार आहेत. १८८५ ला त्यांनी ते छापलं. जगातलं एक जुनं बुरशीनाशक असं चोरांमुळं सापडलं. आमच्या इथं रस्त्याकडेची संत्री वाचवायला लोक फक्त शिव्या देतात, त्यातून अजून काही शोध लागला नाही.

तर बुरशी. कारण वाईनच्या सगळ्या गुणगानात ज्या एका पदार्थाचं नाव येते, रेस्व्हेराट्रॉल, तो म्हणजे अंगुराच्या वेलीनं घरच्या घरी बनवलेलं बुरशीनाशक आहे. वेलीवर बुरशी आली, उन्हाचा मार बसला, की ती फळाच्या सालीत हे तयार करते. रेड वाईन सालीसकट आंबवतात म्हणून त्यात ते उतरते, व्हाईटमध्ये साल आधीच काढतात म्हणून फार कमी. ह्या पदार्थाचा पहिला शोध अंगुरात लागलाच नव्हता, १९३९ साली जपानमध्ये ताकाओका नावाच्या संशोधकानं एका रानटी झाडाच्या मुळातून तो काढला होता. वाईनमध्ये तो आहे हे १९९२ ला कळलं, म्हणजे टीव्हीवर वाईनचं कौतुक होऊन गेल्यावर. आधी लग्न ठरलं, मग पत्रिका जुळवली.

मला इथं एक गोष्ट खटकली जी कदाचित फक्त कृषी केंद्रवाल्यालाच खटकेल. झाड जे बनवते ते स्वतःसाठी बनवते. आमच्या कपाशीचंच घ्या, किडीनं खाऊ नये म्हणून ती सरकीत, पानात गॉसिपॉल नावाचं द्रव्य ठेवते. ते किडीसाठी विष, पण जास्त पोटात गेलं तर जनावरालाही बाधते, आणि चीनमध्ये एकेकाळी पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी म्हणून त्याचे प्रयोग झाले होते. म्हणजे झाडाच्या औषधाचा माणसाला फायदा होईल, तोटा होईल, नाहीतर पोरं व्हायची बंद होतील, काहीही होऊ शकते. झाडानं आपल्याला विचारून ते केलेलं नसते. म्हणून तपासून पाहावं लागते, आणि तपासताना पहिला प्रश्न माझ्या धंद्यातला, मात्रा किती.

तर मात्रा. २००३ मध्ये यीस्टवर आणि २००६ मध्ये उंदरांवर हार्वर्डच्या डेव्हिड सिंक्लेअर यांच्या टीमचे प्रयोग गाजले. चरबीचं खाणं खाऊन जाड झालेल्या उंदरांना रेस्व्हेराट्रॉल दिलं तर ते जास्त जगले, तब्येत पण बरी राहिली. पेपरं भरभरून छापून आली, वाईन पिणाऱ्यांना सण झाला. मी कागद घेतला आणि पंपाचा हिशेब करतो तसा हिशेब केला. उंदरांना दिलं ते किलो वजनामागं रोज साधारण २२ मिलीग्रॅम. बाबा ६० किलोचे, म्हणजे सरळ गुणाकारानं १३२० मिलीग्रॅम. रेड वाईनमध्ये लिटरमागं एखाद-दोन मिलीग्रॅम, चांगल्या बाटलीत थोडं जास्त. दोन धरलं तर ६६० लिटर. रोज! पंधरा लिटरचा पंप धरला तर ४४ पंप. एकरी फवारणीला पण एवढे लागत नाहीत. आता उंदीर आणि माणूस यांचं गणित एवढं सरळ नसते, साधारण बारानं भागावं लागते म्हणतात, तर भागा, तरी रोजचे ५५ लिटर उरतात. आणि पोटात गेलेलं बरंचसं आतडं आणि लिव्हर मिळून लगेच दुसऱ्याच रूपात बदलून टाकतात. सिंक्लेअर यांच्या संशोधनातून निघालेली कंपनी २००८ साली एका मोठ्या औषध कंपनीनं ७२ कोटी डॉलरला घेतली आणि २०१३ ला तिचं ऑफिस बंद केलं.

त्यातच अमेरिकेत कनेक्टिकट विद्यापीठात दीपक दास नावाचे भारतीय वंशाचे संशोधक रेस्व्हेराट्रॉलवर भराभर पेपर काढत होते, २०१२ मध्ये विद्यापीठाच्या चौकशीत त्यांच्या कामात १४५ ठिकाणी आकडे-चित्रं बनवलेली किंवा फिरवलेली निघाली. सगळं रेस्व्हेराट्रॉल त्यामुळं खोटं ठरत नाही, पण बनावट बियाणं विकणारा एक सापडला की पूर्ण गाव दुकानदाराकडे कसं पाहते ते मला माहीत आहे.

सगळ्यात आवडला तो मात्र इटलीचा अभ्यास, २०१४ चा. कियान्ती म्हणजे वाईनचाच मुलूख, तिथल्या दोन गावांतली ६५ च्या पुढची ७८३ म्हातारी माणसं, त्यांना तुम्ही किती पिता हे नुसतं विचारलं नाही तर लघवीत रेस्व्हेराट्रॉलचे अंश किती आहेत ते मोजलं आणि नऊ वर्षं वाट पाहिली. ज्यांच्यात जास्त आणि ज्यांच्यात कमी, दोघांत मरण्यात, हार्टमध्ये, कॅन्सरमध्ये, काही फरक नाही.

मग प्रश्न राहतो की इतक्या सर्व्हेंमध्ये थोडी पिणारे खरंच जास्त जगताना का दिसतात. कारण दिसतात, ते खोटं नाही. हे मला वाचून कळलं त्यापेक्षा आमच्या गावाकडे पाहून जास्त कळलं. समजा उद्या कोणी आमच्या गावात सर्व्हे करायला आलं आणि न पिणाऱ्यांची यादी केली तर त्यात कोण येईल? माळकरी येतील, बरोबर. बायका येतील. पण त्यात तो माझा शेजारी पण येईल ज्याला दोनदा कावीळ होऊन गेली आणि डॉक्टरनं हात जोडले म्हणून त्यानं सोडली. तो आमचा जुना सालदार येईल ज्याच्याजवळ आता प्यायला पैसेच उरले नाहीत. बीपीची गोळी, साखरेची गोळी, टीबीची गोळी खाणारे सगळे येतील. आणि 'थोडी पिणारे' ह्या खान्यात कोण? पगारवाले गुरुजी, बँकेतले साहेब, ज्यांचं पोट भरलेलं, घर पक्कं, ताप आला की दुसऱ्या दिवशी अमरावतीला नेणारी चारचाकी दारात. आता दहा वर्षांनी कोण जास्त जगलं ते मोजा आणि श्रेय बाटलीला द्या. ब्रिटनमध्ये शेपर नावाच्या डॉक्टरांनी १९८८ सालीच हे लिहून ठेवलं होतं, की न पिणाऱ्यांत आजारामुळं सोडलेले मिसळतात आणि सगळा हिशेब चुकतो. २०२३ मध्ये असे १०७ अभ्यास एकत्र करून ही मिसळ वेगळी काढून पाहिली, तर थोड्या पिण्याचा फायदा जवळपास विरून गेला.

डेन्मार्कवाल्यांनी तर किराण्याची बिलंच तपासली, ३५ लाख. २००६ चं आहे हे. वाईन घेणारे सोबत फळं, भाज्या, ऑलिव्ह, कमी चरबीचं चीज घेतात आणि बीअर घेणारे चिप्स, सॉसेज, कोल्ड्रिंक. हे आमच्या किराणावाल्याला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं, कोणाच्या पिशवीत काय जाते त्यावरून तो माणसाचं आयुष्य ओळखतो. फ्रान्सच्या कोड्याचंही तसंच, नंतर काही जणांनी दाखवलं की तिथले डॉक्टर मरणाच्या दाखल्यावर हृदयविकार कमी लिहायचे आणि तिथल्या लोकांचं तुपकट खाणं वाढलंच मुळी उशिरा, त्याचं फळ यायला वेळ होता.

एक गोष्ट बाजूनं पण सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल ह्यानं आधीच ठरवलेलं होतं. अल्कोहोलनं चांगलं कोलेस्टेरॉल, एचडीएल, थोडं वाढते हे खरं आहे. इस्राएलमध्ये शुगरच्या २२४ पेशंटना दोन वर्षं जेवणासोबत वाईन किंवा नुसतं पाणी देऊन पाहिलं, रेड वाईनवाल्यांचं एचडीएल थोडं सुधारलं. पण नुसतं एचडीएल वाढवणाऱ्या गोळ्याही निघाल्या होत्या आणि त्यांनी अटॅक काही कमी झाले नाहीत. आणि २०१९ ला चीनमधल्या पाच लाख लोकांचा अभ्यास आला, त्यात काही लोकांना जन्मतःच दारू सोसत नाही, चेहरा लाल होतो, त्या जनुकांवरून हिशेब लावला. म्हणजे गरिबी-श्रीमंती, आजार, सगळं बाजूला पडलं. तिथं सरळ दिसलं की पिणं वाढलं की बीपी आणि लकव्याचा धोका वाढतो, आणि एक-दोन ग्लासवाल्यांना लकव्यापासून काही वेगळं कवच मिळत नाही.

कॅन्सरचं तर जुनंच आहे, दारू कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं १९८८ सालीच पहिल्या गटात टाकलं, तंबाखूच्या रांगेत. अल्कोहोल शरीरात फुटून ॲसिटाल्डिहाइड होते आणि ते पेशीच्या डीएनएला धक्का देते, मग ते देशीतून आलं का मोहातून का सोनेरी झाकणाच्या वाईनमधून, पेशीला लेबल वाचता येत नाही. २०२३ च्या जानेवारीत त्याच आरोग्य संघटनेनं सांगून टाकलं की सुरक्षित अशी मात्राच नाही. आणि आमच्या विदर्भात हे अजून वाईट, कारण आमच्याकडे खर्रा आहे. प्रत्येक खिशात पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा. तंबाखू आणि दारू सोबत असले की तोंडा-घशाच्या कॅन्सरचा धोका नुसता बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढते. फ्रान्सच्या माणसाच्या ग्लासशेजारी ऑलिव्ह असते, आमच्या माणसाच्या ग्लासशेजारी पन्नी.

बरं, वाईन आणि आमचा संबंध तरी काय? नदीपलीकडच्या दुकानावर मोठ्या अक्षरात 'वाईन शॉप' लिहिलंय आणि वीस वर्षांत तिथून कोणाला वाईन नेताना मी पाहिलं नाही. २०२२ च्या जानेवारीत सरकारनं सुपरमार्केटात वाईन विकायचं ठरवलं होतं, द्राक्षवाल्या शेतकऱ्यांसाठी म्हणून, वाईन म्हणजे दारू का नाही यावर केवढी भांडणं झाली, आणि दारूबंदीचे जिल्हे त्यातून वगळले होतेच. मला तेव्हा एकच वाटलं होतं, संत्र्याचं कोणी असं का करत नाही. संत्र्यातही हेस्पेरिडिन आहे, बाकी पण बरंच आहे, पण आंबिया बहाराची फळं गळून मातीत सडतात तेव्हा टीव्हीवाला कोणी विचारायला येत नाही की बाबा तुमचं फळ हार्टला कसं असते.

एवढं सगळं वाचून मी आईला सांगायला बसलो. फ्रान्स, उंदीर, ४४ पंप. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजे थोडी घेतली तं चालते का नाई तेवढं सांग ना." मी म्हटलं, आई, 'थोडी' हाच तर घोळ आहे. तर म्हणाली, "तुह्या मामाबी थोडीच घेत जाय."

मामा. माझ्या आठवणीत बाजाराच्या दिवशी पूल पार करून जाणारे, येताना आमच्यासाठी चिवडा आणणारे. आधी बाजाराच्या दिवशी, मग बाजाराच्या आणि शनिवारी, आणि मग वार सांगायची गरज राहिली नाही. शेवटी पोटात पाणी झालं. पण त्यांनी स्वतः कधी 'मी जास्त पितो' असं म्हटल्याचं कोणाला आठवत नाही, जास्त पिणारा नेहमी दुसराच असायचा. मला दुकानात रोज हेच दिसते. मी सांगतो पंपाला ३० मिली, तो माणूस माझ्या तोंडावर हो म्हणतो आणि वावरात झाकण न मोजता वरून एक धार सोडतो, थोडं जास्त टाकलं तं काय होते म्हणून. २०१७ ला यवतमाळात फवारता फवारता माणसं मेली, त्यानंतर तरी मोजतील वाटलं होतं, नाही. ज्या मुलखात विष मोजून टाकत नाहीत तिथं मी बाबांना अर्धा ग्लास कशानं मोजून देऊ? आणि त्यांना रक्त पातळ व्हायच्या गोळ्या सुरू, त्यावर दारू म्हणजे पोटात रक्तस्रावाची भीती वेगळीच. पुढच्या तपासणीला मी डॉक्टरला विचारलं, त्यांनी मान वर न करता सांगितलं, जो पीत नाही त्याला प्यायला लावायचं नाही. एवढ्यासाठी मी महिनाभर वाचत होतो.

बाटली कोठीतच राहिली. तुरी विकल्या, कोठी रिकामी झाली, तेव्हा ती परत सापडली, दीड वर्षानं, मधला मे महिना खाऊन. आमच्या मेमध्ये पत्र्याच्या खोलीत माणूस शिजते तिथं वाईनचं काय होणार, बूच वर सरकलेलं आणि खाली तळाला लाल ओघळ. बाबा म्हणाले, आता काढलीच आहे तर पाहू तरी. चमचाभर घेतली, काढा घेतात तशी, डोळे मिटून. "चिंचेच्या पाण्यात लोखंड बुडवल्यावानी लागते," म्हणाले आणि गुळाचा खडा मागितला. जवाईबापूला काय सांगायचं यावर घरात बैठक झाली आणि बाबांना फार फायदा वाटला असं सांगायचं ठरलं. आता दुसरी बाटली येण्याची भीती आहे.

आईनं उरलेली परसातल्या लिंबूच्या बुडाशी ओतली आणि बाटली मी फोडूनच टाकली, कारण अशा रिकाम्या बाटल्यांत लोक फवारणीचं औषध भरून ठेवतात आणि मग रात्री कोणाच्या हाताला काय लागेल सांगता येत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकचे अंगूर हातगाडीवर येतात ते आम्ही आणतो. मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून, चांगले धुऊन. काळे आणतो, सालीसकट खायचे, बिया असल्या तरी चावायच्या. बाबांची साखर काठावर आहे म्हणून पंधरा-वीसच, आई मोजून वाटीत घालते. तिची मात्रा एका अंगुरानं चुकत नाही.

आणि एक गोष्ट मी सांगून बसलो ती आता मागं घेता येत नाही. रेस्व्हेराट्रॉल भुईमुगातही असते, थोडंसंच, दाण्यात आणि त्या लाल टरफलात. बाबांनी ते पक्कं धरलं. रोज संध्याकाळी मूठभर फल्लीदाणे, बिनमिठाचे, टरफल न काढता, आणि पारावर जाऊन बसतात. कोणी विचारलं तर म्हणतात, डॉक्टरनं सांगितलं, फ्रान्सचं औषध हाय. परवा गुरुजी त्यांना म्हणाले, "भाऊसाहेब, जिंदगीत कधी दारूले शिवले नाई आन म्हातारपणी चकना खाऊन रायले काहो?" बाबांनी हातातले दोन दाणे त्यांच्यापुढं धरले आणि म्हणाले, "घ्या. थोडेच."